नियतीला आधी गोष्टीतून बाहेर काढा

प्रश्न बराच मोठा होता, मी थोडक्यात सांगते. नागपूरच्याच एक ताई आहेत, नंदनवनकडे राहतात. लेकरं लहान असताना नवरा घर सोडून गेला, ताईंनी कॉलेजच्या पोरांचे डबे करून घर चालवलं, आता त्यांची स्वतःची मेस आहे. बचत गटाच्या बायकांनी महिला दिनाला "माझा संघर्ष" या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं म्हणून ताईंनी चार पानं लिहिली, शेजारणींना वाचून दाखवली, सगळ्या रडल्या, आणि ताईंना मात्र वाटून राहिलं की "ही बाई मी नाही". ती पानं त्यांनी मला पाठवली आणि सोबत विचारलं की सुरुवात कुठून करू, सगळं सांगायलाच पाहिजे का, सासरच्यांची नावं घ्यायची का, मुलगी म्हणते बोलूच नको तर काय करू, आणि पत्रिकेवर आडनाव कोणतं छापू.

ताई, तुम्हाला जे वाटलं ते अगदी बरोबर आहे. ती बाई तुम्ही नाहीच. पहिल्या दीड पानात मला तुम्ही कुठेच भेटल्या नाही, भेटली ती नियती. "नियतीने माझ्या सुखी संसारावर क्रूर घाला घातला", मग "नियतीच्या मनात काही वेगळेच होते", मग "पण मी नियतीपुढे हार मानली नाही". आता ही नियती कोण बापा? घर सोडून गेला तो माणूस होता, पायात चपला घालून गेला, जाताना काही बोलला की नाही बोलला, पैशाचा डबा उघडून गेला की तसाच ठेवून गेला, लेकरं झोपलेली होती की जागी, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. नियतीचं वाक्य कोणीही लिहू शकते, आणि लिहितातच, मी लोकांच्या आयुष्याच्या गोष्टी शब्दांकन करून द्यायचं काम बरीच वर्षं करून राहिले आणि माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या वहीत ही बाई पहिल्याच पानावर बसलेली असते. मिल कामगार असो, रिटायर्ड मास्तर असो, होस्टेलात वाढलेला पोरगा असो, सगळ्यांची नियती एकच आणि एकाच भाषेत बोलणारी.

ही भाषा येते कुठून तर शाळेतल्या निबंधातून, पेपरच्या पुरवणीतून, सत्काराच्या मानपत्रातून आणि आता त्या मोटिव्हेशनल व्हिडिओंतून, ज्यात मागे पियानो वाजत असतो. आधी गरिबी, मग आघात, मग जिद्द, मग यश, आणि शेवटी "आज मी ताठ मानेने उभी आहे". तो साचा सरसकट वाईट आहे असं मी म्हणत नाही हो. अमेरिकेत डॅन मॅकअ‍ॅडम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, माणसं स्वतःची गोष्ट कशी सांगतात याच्यावरच त्यांचं सगळं काम आहे. ते म्हणतात की आपण कोण आहोत हे माणूस स्वतःलासुद्धा गोष्ट करूनच सांगत असतो, आणि वाईटातून पुढे काहीतरी चांगलं निघालं अशा वळणाची गोष्ट सांगणारे लोक साधारणपणे मनानं बरे आढळतात, चांगलं चाललेलं सगळं नासलं असं सांगणाऱ्यांमध्ये उदासी जास्त आढळते. म्हणजे शेवट गोड करावासा वाटणं नैसर्गिक आहे. पण माझा अनुभव असा की तो शेवट आपल्या गोष्टीतून निघाला तरच कामाचा, कार्यक्रमासाठी म्हणून चिकटवला तर घरी आल्यावर माणसाला रिकामं रिकामं वाटते, कारण टाळ्या त्या दुसऱ्याच बाईला पडलेल्या असतात. तुमचं तेच झालं, आणि तुम्हाला ते कार्यक्रमाच्या आधीच समजलं, हे चांगलंच झालं.

आता तुमचं तिसरं पान काढा. खालून पाचव्या-सहाव्या ओळीत एक वाक्य आहे, "पुढे डबे वाढल्याने नवीन स्टीलचे डबे घेतले व त्यावर नाव टाकून घेतले." एवढंच, आणि पुढच्या ओळीत तुम्ही लगेच गॅस सिलेंडरच्या भावावर गेल्या. मी तिथेच अडकले आणि म्हणून तुम्हाला फोन केला, की ताई नाव कोणतं टाकलं? आणि मग तुम्ही जे सांगितलं ते चारही पानांत कुठेच नाही. घरातली सगळी भांडी लग्नातली, त्यांच्यावर नवऱ्याचं नाव, तारीख आणि कोण्या मामाकडून आलं ते. ताट घासताना दोन्ही टाइम तेच नाव हाताखाली. इतवारीतल्या दुकानात पोरानं मशीन हातात घेऊन विचारलं, "मालकाचं नाव सांगा", आणि तुम्ही थांबल्या. मागे गिऱ्हाईक उभं होतं, पोरगा घाई करून राहिला होता, तुम्ही नुसतं स्वतःचं नाव सांगितलं. तो म्हणे आडनाव? तुम्ही म्हटलं राहू दे, एवढंच टाक. मग ती मशीन टर्र करत एकेका डब्याच्या झाकणावर फिरली, आणि शेवटच्या दोन डब्यांवर त्या पोरानं वेलांटी चुकवली ती आजही तशीच आहे. पुढे होस्टेलातली पोरं त्या झाकणावरच्या नावानंच मेसला ओळखायला लागली, "अरे आज अमक्याचा डबा आला का", म्हणजे तुमचं नाव त्या गल्लीत तुमच्या आधी पोचलं.

हे सांगताना फोनवर तुम्ही दोनदा हसल्या ताई. पानावर एकदाही हसू नाही.

सुरुवात कुठून करू याचं माझं उत्तर हेच आहे, त्या दुकानातून करा. "मालकाचं नाव सांगा" हे पहिलं वाक्य, मग मागे जा. लग्न, सासर, तो गेला ती सकाळ, हे सगळं त्या थांबण्यात आपोआप येते, कारण ऐकणाऱ्याला प्रश्न पडलेला असतो की ही बाई एवढ्या साध्या प्रश्नाला का थांबली. जन्मापासून सुरू करायचं असं कुठेही लिहिलेलं नाही. "माझा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला" हे वाक्य आलं की हॉलमधल्या मागच्या खुर्च्यांवर मोबाईल निघतात.

तुम्ही म्हणाल असं एखादं सापडलं म्हणून ठीक, बाकीचं कसं शोधायचं. माझी पद्धत साधी आहे, लिहायच्या आधी बोलायचं. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून ठेवा आणि अशा कोणाला तरी सांगा ज्याला तुमची गोष्ट माहीत नाही, शेजारणीला नको, तिला सगळं ठाऊक आहे म्हणून तुम्ही अर्ध्या गोष्टी गाळता. आणि त्या माणसाला सांगून ठेवा की "तुला तेव्हा काय वाटलं" असं विचारायचं नाही, "मग तू काय केलं" एवढंच विचारत राहायचं. काय वाटलं विचारलं की तोंडून पुस्तकी शब्द येतात, कोलमडले, खचले, उद्ध्वस्त झाले. काय केलं विचारलं की आकडे, वस्तू, माणसं येतात, की त्या दिवशी पीठ दोन पायलीच होतं, की घरमालकाला दारातच गाठलं, की धाकट्याला बहिणीकडे काटोलला पाठवलं. तुम्ही कोण आहात ते याच्यात असते. नंतर ते रेकॉर्डिंग ऐकून जसंच्या तसं उतरवा, "काहून", "करून राहिली", "वावर" सगळं राहू द्या, कोणी प्रमाण भाषेत बदलून देतो म्हटलं तर हात जोडा.

एक उदाहरण सांगते, सविस्तर सांगते कारण मला त्याच्यातून खूप काही समजलं. एक काका होते, एम्प्रेस मिलमधले. जमशेटजी टाटांनी १८७७ साली काढलेली मिल, नागपूरच्या किती पिढ्या तिच्या भोंग्यावर उठल्या, जेवल्या, झोपल्या, आणि शेवटी ती बंद पडली, आज तिथे मॉल उभा आहे. काकांनी वहीत मिलचा इतिहास लिहून आणला होता, युनियन, संप, सरकार, मॅनेजमेंट, सगळं मुद्देसूद, आणि त्यात काका नव्हते. मी विचारलं मिल बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलं? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, पाळीच्या वेळेला उठलो, डबा घेतला, निघालो. पुढे ते भाजी विकायला लागले, पण आपल्या वस्तीत नाही, सायकलवर टोपली बांधून पार मानेवाड्याकडे, जिथं कोणी ओळखत नाही. आणि मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी काय करता विचारलं तर म्हणाले, मिलमध्ये आहे. बंद मिलमध्ये. कितीतरी वर्षं ते "मिलमध्ये आहे" असंच सांगत होते. मी त्यांना म्हटलं काका हीच तुमची गोष्ट, संप वगैरे इतिहासवाले लिहितील. ते आधी रागावले, त्यांना वाटलं मी त्यांना खोटारडं ठरवून राहिले. मग हळूहळू सांगायला लागले की भाजीवाला म्हणून पहिल्यांदा कोणाला सांगितलं, ती एक म्हातारी होती, उधारी मागायला आली होती आणि तिनं नाव विचारलं. त्या वहीत शेवटी "मी जिंकलो" असं काही नाही. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी कशी बांधायची आणि ओल्या पोत्याखाली किती वेळ टिकते, यावर अख्खं एक पान आहे, आणि ते पान वाचताना कळते की हा माणूस आता भाजीवाला आहे आणि त्याला ते चालून राहिलं.

लोकांना गोष्टीतलं काय लक्षात राहते बघा. सिंधुताई सपकाळ आपल्याच भागातल्या, वर्धा जिल्ह्यातल्या. घरात चिंधी म्हणायचे, शाळा चौथीपर्यंत, कमी वयात लग्न, दिवस भरत आले असताना नवऱ्यानं बाहेर काढलं आणि गोठ्यात बाळंतपण झालं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ४ जानेवारी २०२२ ला त्या गेल्या. पुरस्कार त्यांना शेकड्यानं मिळाले असतील, पण कोणालाही विचारा, सांगेल तो दगड, ज्यानं त्यांनी नाळ ठेचून तोडली, आणि त्या सांगायच्या तो आकडा, सोळा घाव. त्या बाईनं पुऱ्या भाषणात "मी खचले नाही" म्हणायची गरजच ठेवली नाही. आणि गाणी म्हणत, लोकांना हसवत सांगायच्या हे विसरू नका. हसवायचा हक्क ज्याचं दुःख असते त्याला असतोच, ऐकणाऱ्याला नसतो.

आणखी मागे जायचं तर जाईबाई चौधरी, उमरेडच्या. नागपूर स्टेशनवर हमाली केली, मिशनच्या एका बाईमुळे शिक्षिकेची नोकरी लागली, मग "अस्पृश्य" बाई शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी पोरं काढून घेतली आणि नोकरी गेली. १९२२ साली त्यांनी नागपुरातच मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढली. डोक्यावर ओझं, मग हातात खडू, मग खडू काढून घेतला, मग स्वतःची शाळा. यात एकही विशेषण लागत नाही. आणि तुम्हाला वाटून राहिलं ना की नवऱ्यानं टाकलेल्या बाईची गोष्ट ही घरातली गोष्ट, चारचौघात कशी सांगायची, तर याच नागपुरात २० जुलै १९४२ ला दलित महिलांची परिषद झाली होती, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, आणि तिथं बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एकीवर दुसरी बायको करायला बंदी मागितली. तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळायचं होतं. तुमची गोष्ट चारचौघात आणायला त्या बायकांनी रस्ता करून ठेवला आहे.

आपल्या शहरात "मी कोण" हा प्रश्न तसाही कधी एकट्याचा नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आठवणी मी ज्या ज्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकल्या त्यात भाषण कमी आणि पांढरं लुगडं जास्त आहे, ते कुठून आणलं, कोणाचं उसनं आणलं, पैसे कसे जमवले, लेकराला कोणाकडे ठेवलं. माणसाचं सगळं आयुष्य बदलणारा दिवस, आणि आठवते ते लुगडं. किंवा गोवारी समाजाचं बघा. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर मोर्चा आला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, बाया आणि लेकरं त्यात किती. मागणी काय होती तर आम्ही आदिवासी आहोत हे कागदावर मान्य करा. २०१८ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं मान्य केलं, डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. अशा घरातल्या माणसाला तुम्ही शेवटी काय म्हणायला लावाल, "अखेर मला माझी ओळख सापडली"? त्याच्या हातात कागदच नाही. त्याची गोष्ट अर्धवटच संपणार आणि तशी संपू द्यावी.

हे मी तुमच्यासाठीच सांगून राहिले, कारण चौथ्या पानावर तुम्ही लिहिलं "आज मी पूर्ण समाधानी आहे". आणि फोनवर म्हणाल्या की अजूनही लग्नात हळदीकुंकवाला कोणी ताट घेऊन समोर आलं की तुम्ही पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जाता. मग पूर्ण समाधानी नाही ना. नसू द्या. हळदीकुंकवाचं ताट सांगा आणि समाधानाचं वाक्य काढून टाका. नवरा जिवंत आहे की नाही, आपण सवाष्ण की काय, हे ठरवता येत नसलेल्या बायका त्या हॉलमध्ये तुमच्या समोरच बसलेल्या असतील, आणि त्यांच्यापैकी कोणी ना कोणी पाणी प्यायला उठतच असेल.

सालं आणि तारखा तुमच्या लिखाणात जरा गडबडल्या आहेत, मुलगी पहिलीत असताना तो गेला म्हणता आणि दुसऱ्या पानावर तीच मुलगी बालवाडीत. त्याचं टेन्शन घेऊ नका, सगळ्यांचं होते. जुन्या लोकांच्या तर जन्मतारखासुद्धा मास्तरांनी लावलेल्या असतात, वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस एकच. मी लोकांना मोठ्या घटनेला धरून विचारते, मोवाडचा पूर आला (३० जुलै १९९१) तेव्हा तुम्ही कुठं होते, गोवारी कांडाच्या वेळी लग्न झालं होतं का, लॉकडाऊन लागला तेव्हा किती डबे होते, २०२३ च्या सप्टेंबरात नाग नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा कोणतं सामान वर ठेवलं. बरोबर लागते सगळं. आणि घरातले दोघं दोन तऱ्हेनं सांगत असतील तर दोन्ही लिहा, "माझी बहीण म्हणते तो रविवार होता, मला सोमवार आठवतो". याच्यानं तुम्ही खोट्या पडत नाही, उलट लोकांचा विश्वास बसतो.

आता सगळं सांगायलाच पाहिजे का. नाही. अजिबात नाही. तुम्हाला बोलावलं आहे, तुमची उलटतपासणी नाही. लिहिणं वेगळं आणि सांगणं वेगळं. स्वतःपुरतं लिहा सगळं, त्याचा उपयोग होतो. जेम्स पेनेबेकर म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी १९८६ साली एक प्रयोग छापला, विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपला सगळ्यात त्रासाचा अनुभव लिहायला लावला, कोणाला दाखवायचा नाही. लिहिल्यावर लगेच पोरांना जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. नंतर त्याच्यावर पुष्कळ काम झालं, फरक दरवेळी मोठा निघतो असं नाही, सगळ्यांना फायदा होतोच असंही नाही. म्हणून माझं सांगणं इतकंच, की लिहिल्याच्या दिवशी जड वाटलं तर ते अपेक्षित आहे, पण झोप उडाली, तेच ते डोळ्यासमोर यायला लागलं, जेवण जाईना, तर वही बंद करा आणि कोणाशी तरी बोला. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस हेल्पलाइन नंबर आहे १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलता येते. धैर्य दाखवायचं म्हणून लिहीत राहू नका.

आणि स्टेजवर सांगायचा नियम मी असा धरते, जे सांगून तुम्हाला त्या रात्री झोप लागेल तेवढंच सांगायचं. दुसऱ्या पानावर तुमच्या दिराबद्दलचा जो परिच्छेद आहे, तो मला वाचतानाच कळलं की अजून ओला आहे. तो वहीत राहू द्या. पंधरा मिनिटांत तो मावतही नाही.

सासरच्यांची नावं घेऊ नका. हे मी भीतीपोटी म्हणत नाही, व्यवहार म्हणून म्हणते. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवेची शिक्षा. आपल्या लोकांना वाटते खरं बोललं म्हणजे झालं, तर तसं नाही, ते खरं होतं आणि सांगणं लोकांच्या भल्याचं होतं, हे दोन्ही दाखवावं लागते. आणि तुमची पोटगीची केस चालू असेल तर तुमच्या वकिलाला हे भाषण आधी दाखवाच, कारण आजकाल सगळं रेकॉर्ड होते आणि समोरचा वकील तुमचंच वाक्य तुमच्यासमोर ठेवतो. नुसतं नाव गाळून भागते असंही समजू नका, सासू एकच असते, "सासूबाई" म्हटलं की वस्तीला समजते. मी लोकांना म्हणते की त्यांनी काय केलं ते एका वाक्यात सांगा आणि तुम्ही काय केलं ते दहा वाक्यांत सांगा. वकिलाचंही समाधान होते आणि गोष्टही सुधारते. तुमच्या पानांत उलटं झालं, सासूचे संवाद दीड पान आणि तुमच्या पहिल्या डब्याला दोन ओळी. इतकी वर्षं त्या बाईला घरात जागा दिली, आता भाषणातही?

मुलीचा प्रश्न नाजूक आहे. ती बावीस वर्षांची आहे म्हणता, स्थळं पाहायला लागल्या, तिला वाटते पाहुण्यांनी व्हिडिओ पाहिला तर काय. तिला उडवून लावू नका. माझं मत असं की गोष्टीतला जो तिचा भाग आहे त्याच्यावर तिचा शब्द शेवटचा, आणि जो तुमचा भाग आहे त्याच्यावर तुमचा. शाळेत तिला बाबांवरून पोरं काय बोलायची ते तुम्ही लिहिलं, ते तुमचं नाही, ते तिचं आहे, ते तिला विचारल्याशिवाय जायला नको. पण इतवारीतलं दुकान, पहिला डबा, घरमालक, हे तुमचं आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तिला पानं वाचायला द्या, हातात पेन्सिल द्या आणि म्हणा तुझं जे आहे ते खोड. बहुतेक वेळा असं होते की पोरं खोडायला बसतात आणि वाचता वाचता विचारतात, आई हे मला कधी सांगितलंच नाही तू. नाही विचारलं आणि सरळ खोडून टाकलं, तरी ते खोडलेलंच ठेवा. आणि व्हिडिओ करायचा की नाही हे आयोजकांना आधी स्पष्ट विचारा, नाही म्हणता येते, पुष्कळ बायका म्हणतात.

आडनावाचं तर मला सोपंच वाटते. पत्रिकेवर छापायला राजपत्र लागत नाही, तुम्ही सांगाल ते नाव छापतील. आधारकार्डावर नवऱ्याचं आडनाव आहे आणि बदलायचं असेल तर वेगळा विषय आहे, शासकीय मुद्रण संचालनालयाच्या साइटवर राजपत्रासाठी ऑनलाइन अर्ज होतो, मग बँक, पॅन, गॅस, मेसचं लायसन्स सगळीकडे ते बदलत बसावं लागते, वेळ काढून करा किंवा करूच नका, माझा आग्रह नाही. माहेरचं लावलं तरी ते वडिलांचंच असते, हेही बऱ्याच जणी म्हणतात. १ मे २०२४ ला किंवा नंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदावर आपल्याकडे बापाच्या आधी आईचं नाव येते, तुमच्या लेकरांच्या वेळेला ते नव्हतं. तुम्ही डब्यावर जे टाकलं तेच पत्रिकेवर टाका असं मी सुचवीन, नाव आणि पुढे मेसचा एरिया. एका शब्दाचं नाव पाहून आयोजकांचा फोन येईलच की मॅडम आडनाव राहिलं. तेव्हा काय म्हणायचं ते तुम्हाला माहीत आहे.

वाचून दाखवणार की तोंडी बोलणार ते तुम्ही लिहिलं नाही. तोंडी बोला, हातात कागदाचा एक छोटा तुकडा ठेवा आणि त्यावर पाच-सहा शब्दच, दुकान, चपला, घरमालक, पीठ, हळदीकुंकू असे. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलले जातात, म्हणजे पंधरा मिनिटांत तुमची चार पानं आणि फोनवर सांगितलेलं असं सगळं बसत नाही, रडू आलं तर आणखी कमी बसेल. रडू आलं तर थांबा, पाणी प्या, सॉरी म्हणू नका. आणि गटातल्या कोण्या मैत्रिणीला पहिल्या रांगेत बसवा जिला गोष्ट आधीच माहीत आहे, बघायला एक चेहरा लागतो.

शेवटचं काम आजच करा, कारण ते लोक विसरतात. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमला तुमची ओळख स्वतः दोन ओळींत लिहून पाठवा, नाव, एरिया, रोज किती डबे जातात, मेस किती वर्षांची आहे, बस. "परित्यक्ता" हा शब्द नको असं स्पष्ट कळवा. नाही पाठवलं तर त्या स्वतः लिहितील आणि मग तुमचं नाव यायच्या आधी माईकवरून "परिस्थितीशी झुंज देणाऱ्या रणरागिणी" येणार, आणि तिच्या पाठोपाठ नियती.